विमा नसलेल्या मधुमेहींची साखर आटोक्यात का राहत नाही: औषधांची किंमत की आणखी काही?

पारसिक (धागाकर्ता)

ठाण्यात वागळे इस्टेट, किसननगर आणि लोकमान्यनगर या भागांत आम्ही काही जण मिळून रक्तातील साखर तपासण्याची छोटी शिबिरे भरवतो. येणाऱ्यांत रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, सोसायट्यांचे सुरक्षारक्षक आणि सकाळी नाक्यावर उभे राहणारे बिगारी कामगार असे हातावर पोट असलेले लोक अधिक असतात आणि त्यांतील बहुतेकांकडे कसलाही आरोग्यविमा नसतो. ज्यांची साखर तीनशेच्या पुढे येते त्यांना आजाराचा पत्ताच नसावा, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांपैकी पुष्कळांना मधुमेह असल्याचे ठाऊक असते, डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवलेली असते आणि तरीही गोळ्या बंद असतात किंवा एक दिवसाआड घेतल्या जात असतात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना माहीत होते, त्यांच्यापैकीही सुमारे ३६ टक्के लोकांचीच एचबीएवनसी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ७ च्या आत आढळली. ही स्थिती सर्व थरांतील मिळून आहे. ज्याला प्रत्येक गोळी खिशातून विकत घ्यावी लागते त्याचे काय होत असेल, याचा अंदाज शिबिरात येतो.

गोळ्या सुटतात त्या खरोखर किमतीमुळे, की स्वस्त औषध कुठे आणि कसे मिळते हे ठाऊक नसल्यामुळे? ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्या, विशेषतः औषधविक्री, रुग्णालये किंवा कामगारांशी संबंध असलेल्या सदस्यांचे अनुभव हवे आहेत.

औषधविक्रेता

कोपरखैरणे परिसरात माझे अनेक वर्षांपासून औषधांचे दुकान आहे, त्यामुळे काउंटरच्या या बाजूने जे दिसते ते सांगतो. विमा नसलेला गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "सगळ्याचे किती होतील?" आकडा ऐकल्यावर तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "सध्या चार-चार द्या." मग पट्टी कात्रीने कापावी लागते. मुदत आणि बॅच क्रमांक बहुधा पट्टीच्या एका टोकाशी छापलेला असतो, त्यामुळे नीट लक्ष दिले नाही तर त्या चार गोळ्यांवर ना नाव पुरते राहते ना मुदत. घरी जाऊन त्या बीपीच्या सुट्या गोळ्यांत मिसळल्या की कोणती कशाची, हे वाचता न येणाऱ्या माणसाला सांगता येत नाही. गोळ्या चुकीच्या घेतल्या जाण्याचे हे फार मोठे कारण आहे आणि त्याचा उगम सुटी खरेदी करावी लागण्यात आहे.

चिठ्ठीत नेमके महाग काय असते, हेही पाहिले पाहिजे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही साखरेची दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि त्यांची कमाल किंमत सरकार ठरवते. मेटफॉर्मिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या साध्या गोळीला दोन रुपयांच्या आसपास पडतात. परंतु चिठ्ठीत बहुधा या औषधांची संयुक्त गोळी असते आणि अशा कित्येक संयुक्त गोळ्या त्या यादीत नसतात. तिच्या जोडीला नवीन पिढीतील एखादी गोळी, नसांसाठी म्हणून जीवनसत्त्वांची कॅप्सूल आणि पित्ताची गोळी असते. कित्येकदा साखरेच्या मूळ औषधापेक्षा जीवनसत्त्वांची पट्टी महाग असते. पैसे कमी पडले की गिऱ्हाईक कोणती गोळी वगळतो हे पूर्णपणे त्याच्या समजुतीवर अवलंबून असते आणि "ताकदीची गोळी राहू द्या, ही दुसरी नको" असे म्हणून मेटफॉर्मिन वगळलेली मी पाहिली आहे.

गवती_चहा

मग तुम्हीच त्यांना त्याच औषधाची स्वस्त कंपनीची गोळी का देत नाही? हा आरोप नाही. अडचण कोणती आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे.

औषधविक्रेता

@गवती_चहा, प्रश्न रास्त आहे. चिठ्ठीवर जे व्यापारी नाव लिहिले आहे त्याऐवजी दुसऱ्या नावाचे औषध, त्यातील घटक तोच असला तरी, परस्पर देण्यास औषधे नियम, १९४५ मधील ६५ व्या नियमाने मनाई आहे. डॉक्टरांनी घटकाचे नाव लिहिले असेल तर मात्र मी त्या घटकाचे सर्वांत स्वस्त औषध दाखवू शकतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये घटकाचे नाव लिहिणे डॉक्टरांना बंधनकारक करणारे विनियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. त्यामुळे आज सगळे डॉक्टरांच्या इच्छेवर आहे. रुग्णाने तपासणीच्या खोलीतच "डॉक्टर, औषधाचे मूळ नाव लिहून द्याल का?" एवढे विचारले, तर महिन्याच्या खर्चात फार मोठा फरक पडतो. दुकानात आल्यावर विचारून उपयोग नसतो.

फिजिशियन_नेरुळ

वरील दोन्ही प्रतिसाद महत्त्वाचे आहेत. वैद्यकीय बाजूने त्यांत भर घालतो.

स्वस्त औषध म्हणजे दुय्यम औषध, असा एक समज रुग्णांत आणि खेदाने सांगावे लागते की काही डॉक्टरांतही आहे. साखर आटोक्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात, हे टाइप २ मधुमेहात ज्या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले तो ब्रिटनमधील 'यूकेपीडीएस' अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वापरलेली औषधे म्हणजे सल्फोनिलयुरिया गटातील (ग्लिमेपिराइड याच गटातील) जुन्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन. दहा वर्षांच्या काळात एका गटाची एचबीएवनसी सरासरी ७.९ राहिली आणि दुसऱ्याची ७.०. एवढ्या फरकाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या. आज ज्या गोळ्या दोन-चार रुपयांत मिळतात, त्यांच्याच घराण्यातील औषधांनी हे साधले होते. त्यामुळे ज्याला महागडी चिठ्ठी परवडत नाही, त्याला नियमितपणे घेता येईल अशी साधी चिठ्ठी लिहून देणे यात त्याच्यावर अन्याय नसतो. महिन्यातील दहा दिवसच घेतली जाणारी महाग गोळी त्याच्या काहीच कामाची नसते.

मात्र जीवनसत्त्वांच्या गोळीबद्दल सरसकट मत बनवू नये. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने काही रुग्णांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि तळपायांना मुंग्या येतात, तेव्हा ते औषध आवश्यक ठरते. कोलेस्टेरॉलची गोळीही "साखरेची नाही" म्हणून सोडू नये, कारण मधुमेहींचा मृत्यू बहुधा हृदयविकाराने होतो. खर्च कमी करायचा असेल तर कोणते औषध थांबवता येईल हे डॉक्टरांनाच स्पष्ट विचारावे.

अर्ध्या गोळीविषयीही सांगायला हवे. पैसे वाचवण्यासाठी गोळी मोडून दोन दिवस पुरवणारे रुग्ण मला वरचेवर भेटतात. नावापुढे एसआर किंवा एक्सआर अशी अक्षरे असलेली मेटफॉर्मिनची गोळी पोटात हळूहळू विरघळावी अशा रीतीने बनवलेली असते, ती चुरली किंवा चावली की ती रचना मोडते. शिवाय अर्धा डोस म्हणजे अर्धे नियंत्रण असा सरळ हिशेब शरीरात चालत नाही.

येऊर

मी थोडे वेगळे मत मांडतो. डॉक्टर स्वतः म्हणतात की गोळी दोन-चार रुपयांची आहे. असे असेल तर किंमत हे कारण कसे? माझ्या पाहण्यातील अनेक जण तंबाखूवर आणि मोबाइलच्या रिचार्जवर याहून जास्त खर्च करतात. मला वाटते, आजाराचे गांभीर्य पटलेले नसते. साखर दुखत नाही, त्यामुळे तिच्यासाठी खर्च करावासा वाटत नाही. किमतीला दोष देऊन आपण जबाबदारीचा मुद्दा बाजूला सारत आहोत.

रानजाई

@येऊर, आपला मुद्दा मी शांतपणे वाचला, पण तो मला मान्य नाही. माझी आई ऐरोलीत चार घरची कामे करते आणि तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या औषधांचा खर्च मीच पाहते, म्हणून गोळीच्या किमतीपलीकडे काय काय असते ते लिहिते.

डॉक्टर तीन महिन्यांनी सरासरीची तपासणी सांगतात, ती खासगी प्रयोगशाळेत चार-पाचशे रुपयांची होते. खासगी डॉक्टरांची फी वेगळी. घरी साखर मोजायची तर यंत्र एकदाच घ्यावे लागते, पण त्यात घालायची एकेक पट्टी पंधरा-वीस रुपयांची असते, म्हणजे बोटाला एकदा सुई टोचणे हे मेटफॉर्मिनच्या कित्येक गोळ्यांएवढे महाग पडते. महापालिकेच्या रुग्णालयात जायचे तर औषध मिळते, पण सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहिले की डॉक्टरांपर्यंत पोहोचून औषधाच्या खिडकीशी यायला दुपार होते आणि चारही घरचा खाडा होतो. दोन घरांत खाड्याचे पैसे कापतात. तिसऱ्या घरच्या बाईंनी "सारखी सुट्टी चालणार नाही" असे बजावले होते. तेव्हा मोफत औषध तिला प्रत्यक्षात एका दिवसाच्या मजुरीला आणि कधी एका घरच्या कामाला पडते. या सगळ्याची बेरीज केली की "दोन रुपयांची गोळी" हा हिशेब अपुरा आहे, हे आपल्याला पटेल.

राहिला गांभीर्याचा मुद्दा. माझ्या मामांच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली आणि शेवटी घोट्याच्या वर पाय कापावा लागला, हे आईने डोळ्यांनी पाहिले आहे. तिला गांभीर्य शिकवण्याची आवश्यकता नाही. महिनाअखेरीस गॅस आणि गोळ्या यांतून एक निवडावे लागते, तेव्हा ती गॅस निवडते.

येऊर

@रानजाई, खाड्याचा मुद्दा माझ्या विचारात नव्हता आणि तो निर्णायक आहे, हे मान्य करतो. आपल्या आईंना चांगले आरोग्य लाभो. तंबाखूबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे, कारण मधुमेहात तंबाखू पायाच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान वाढवते.

हिशेबनीस

'विमा नसलेले' या वर्गाकडे थोडे बारकाईने पाहू या. आपल्याकडील बहुतेक आरोग्यविमा हा रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाचा असतो. महिन्याच्या गोळ्या, साखर मोजायच्या पट्ट्या, बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या यांचा खर्च सर्वसाधारण पॉलिसीत मिळत नाही. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता ५ लाखांपर्यंत गेली आहे, पण दोन्हींचा भर दाखल रुग्णांवरच्या उपचारांवर आहे. आयुष्मानमध्ये दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील औषधे धरली जातात. मधुमेहाची गोळी तर आयुष्यभराची आहे.

याचा परिणाम असा की, ज्या माणसाला रोज पाच रुपयांच्या गोळ्या मिळाल्या असत्या तर ज्याचा पाय वाचला असता, त्याला गोळ्यांसाठी कुणी पैसे देत नाही आणि पाय कापायची वेळ आली की मात्र योजना पुढे येते. गोळ्यांच्या बाबतीत विमाधारकही बिनविम्याचाच आहे. फरक इतकाच की पगारदार माणूस तो खर्च सोसू शकतो.

ज्यांना पॉलिसी घ्यायची आहे त्यांच्यासाठी: आधीपासून असलेल्या आजाराचा प्रतीक्षाकाळ विमा नियामकाने २०२४ मध्ये चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. अर्जात मधुमेह लपवू नये, दावा फेटाळला जातो. त्याच दिवसापासून साखर मोजण्याची यंत्रे आणि पट्ट्या यांच्यावरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तो फरक दुकानात मिळतो का हे पाहावे.

घणसोलीकर

रबाळे एमआयडीसीतील कारखान्यात काम करणाऱ्यांना ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, आठवण करून द्यावीशी वाटते. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, कायद्याच्या कक्षेतील कामगारांच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते आणि त्या बदल्यात कामगाराला व कुटुंबाला बाह्यरुग्ण औषधेही मिळतात. गोळ्यांचा खर्च खऱ्या अर्थाने उचलणारी हीच एक योजना माझ्या पाहण्यात आहे. वाशीत आणि ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये ईएसआयची रुग्णालये आहेत. कंत्राटी सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार यांतील कित्येकांच्या पगारातून वर्गणी कापली जाते, पण त्यांना विमा क्रमांकच माहीत नसतो. वेतनपावतीवर ईएसआयची कपात दिसत असेल तर कंत्राटदाराकडे क्रमांक आग्रहाने मागावा. ज्यांना आपण विमा नसलेले समजतो त्यांतील काही जण विमाधारक निघतील.

कोपरी_पूल

राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांतील सर्व उपचार मोफत केले आहेत. मग हा प्रश्न शिल्लकच कसा राहतो?

फिजिशियन_नेरुळ

@कोपरी_पूल, तो निर्णय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांना लागू आहे, म्हणजे आपल्याकडे ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे आहे, वाशी, नेरुळ आणि ऐरोलीची सार्वजनिक रुग्णालये नवी मुंबई महापालिकेची आहेत आणि त्यांचे नियम महापालिका ठरवतात. तेथेही मधुमेहाची मूलभूत औषधे दिली जातात. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील व्यक्तींची साखर आणि रक्तदाब आरोग्य केंद्रांवर मोफत तपासला जातो आणि मेटफॉर्मिनसारखी औषधेही तेथे मिळतात. रानजाई यांनी सांगितलेली वेळेची अडचण खरी आहे, म्हणून सुरुवात मोठ्या रुग्णालयापासून न करता घराजवळच्या नागरी आरोग्य केंद्रापासून करावी. तेथे गर्दी तुलनेने कमी असते. स्थिर रुग्णाला एका वेळी महिन्याची औषधे द्यावीत, अशी विनंती अवश्य करावी.

जुनी_पायवाट

एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा जांभळाच्या बियांचे चूर्ण, कारल्याचा रस आणि मेथी यांनी साखर उतरते, असा आमच्या घरातील अनुभव आहे. गरिबाला परवडणारा हाच मार्ग आहे असे मला मनापासून वाटते.

फिजिशियन_नेरुळ

@जुनी_पायवाट, आपल्या हेतूबद्दल शंका नाही. मेथी आणि कारले आहारात असण्याला माझी हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडलेल्या रुग्णांना मी सरासरी १२-१३ पर्यंत गेलेल्या अवस्थेत पाहिले आहे. बाजारातील तयार चूर्णे स्वस्तही नसतात, महिन्याला मेटफॉर्मिनच्या कितीतरी पट पैसे त्यांत जातात, आणि अशा काही चूर्णांत आधुनिक औषधे न सांगता मिसळलेली तपासणीत आढळली आहेत. रुग्ण ते चूर्ण आणि ग्लिमेपिराइड एकत्र घेतो, त्यात चतुर्थीचा उपवास करतो आणि दुपारी साखर उतरून घाम येतो, हातपाय थरथरतात, शुद्ध हरपते. ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार उपवास करू नये.

नौपाडेकर

जनऔषधी केंद्राबद्दल कुणी लिहिले नाही. आमच्या वडिलांची सर्व औषधे आम्ही तिथूनच आणतो. मेटफॉर्मिनची दहा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आत मिळते. बाकीची औषधेही ५० ते ९० टक्क्यांनी स्वस्त असतात. एखादे औषध संपलेले असते, तेव्हा थोडे आधीच जाऊन सांगून ठेवावे लागते. पण इतक्या स्वस्तात दर्जा कसा राखला जात असेल, अशी धाकधूक मनात असते.

औषधविक्रेता

@नौपाडेकर, माझा धंदा दुसऱ्या बाजूचा असला तरी खरे ते सांगतो. जनऔषधीच्या प्रत्येक बॅचची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करूनच ती केंद्रांकडे पाठवली जाते. किमतीतील फरक मुख्यतः प्रसिद्धी, प्रतिनिधी आणि मधले वाटप यांच्या खर्चाचा आहे. औषध बदलल्यावर काही आठवड्यांनी साखर तपासून घ्यावी, म्हणजे मनातील शंका आकड्यानेच मिटते. कोणत्या घटकाची कमाल किंमत किती आहे हे औषध किंमत प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या अ‍ॅपवर पाहता येते.

एकस्वाची, म्हणजे पेटंटची मुदत संपण्याचा लाभही मोठा आहे. साखरेच्या नवीन पिढीतील औषधांपैकी विल्डाग्लिप्टिन २०१९ मध्ये, डापाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये आणि सिटाग्लिप्टिन २०२२ मध्ये खुले झाले. एम्पाग्लिफ्लोझिनची एक गोळी ६० रुपयांच्या आसपास होती, मार्च २०२५ नंतर ती काही कंपन्यांची दहा रुपयांच्या आसपास मिळू लागली. जुन्या चिठ्ठीवर जुन्याच कंपनीचे नाव असेल तर रुग्ण अजूनही जुनाच दर देत राहतो. म्हणून अशी चिठ्ठी डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्यावी.

गवती_चहा

हा धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे.

दूरदेशी

मी मूळचा ठाण्याचा आहे, सध्या अमेरिकेत राहतो. येथे विमा नसलेल्यांचा प्रश्न इन्सुलिनभोवती फिरतो. येल विद्यापीठाशी संलग्न मधुमेह केंद्रातील २०१९ च्या एका अभ्यासात इन्सुलिन घेणाऱ्या दर चार रुग्णांपैकी एकाने खर्चामुळे डोस कमी केल्याचे सांगितले आणि अशा रुग्णांची साखर अधिक बिघडलेली होती. २०२३ पासून ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली, पण ज्याच्याकडे विमाच नाही त्याला त्या कायद्याचा आधार नाही. कंपन्यांनी नंतर काही किमती उतरवल्या. भारतात इन्सुलिन अत्यावश्यक यादीत आहे, हे आपल्याकडील रुग्णांचे मोठे बळ आहे.

पारसिक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. या चर्चेवरून माझे मत असे झाले आहे की, गोळीची किंमत बहुतेकांच्या आवाक्यात आणता येते, परंतु चिठ्ठीची किंमत, तपासणीची किंमत आणि खाड्याची किंमत मिळून माणूस औषधापासून दूर जातो. त्यामुळे पुढील शिबिरांत केवळ साखर मोजून थांबणार नाही. आलेल्याची चिठ्ठी वाचून, एखाद्या डॉक्टरांच्या उपस्थितीत, घटकाच्या नावाने साधी चिठ्ठी लिहून देता येईल का हे पाहू. वेतनपावती आणायला सांगून ईएसआयची कपात तपासू. शिबिर रविवारी संध्याकाळी ठेवू, म्हणजे कुणाचा खाडा होणार नाही.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. आमच्याकडे येणाऱ्या काही जणांना पेनमधील आधुनिक इन्सुलिन लिहून दिले आहे, ते परवडत नाही म्हणून त्यांनी इन्सुलिनच बंद केले आहे. त्यांना काय सांगावे?

फिजिशियन_नेरुळ

@पारसिक, त्यांना पहिल्यांदा हे सांगा की परवडत नाही हे डॉक्टरांना सांगण्यात काहीही कमीपणा नाही, कारण पर्याय उपलब्ध आहे. साध्या मानवी इन्सुलिनची दहा मिलिलिटरची कुपी, म्हणजे ४०० युनिट, दीडशे रुपयांच्या आसपास मिळते. टाइप २ मधुमेहात आधुनिक इन्सुलिन सुरू केलेल्यांच्या तुलनेत जुने एनपीएच, म्हणजे साध्या मानवी इन्सुलिनचा एक प्रकार, सुरू केलेल्यांना साखर फार उतरल्यामुळे रुग्णालयात अधिक वेळा जावे लागले नाही, असे कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या २०१८ च्या मोठ्या अभ्यासात दिसले. ज्यांची साखर रात्री वारंवार उतरते त्यांची गोष्ट वेगळी. ग्लार्जिन हे आधुनिक इन्सुलिनही २०२२ च्या अत्यावश्यक यादीत आले आहे. बदल करताना डोस आणि जेवणाची वेळ नव्याने ठरवावी लागते, म्हणून तो रुग्णाने स्वतःहून करू नये. टाइप १ च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा रुग्णाने तर इन्सुलिन एक दिवसही थांबवू नये, त्याच्या जिवाला धोका असतो.

रानजाई

फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन कसे ठेवावे, हेही कृपया सांगावे. आमच्या शेजारच्या काकू कुपी दुसऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवतात आणि सकाळी दार वाजवायला संकोच वाटला की त्या दिवशी इंजेक्शनच घेत नाहीत.

औषधविक्रेता

@रानजाई, वापरात असलेली कुपी फ्रिजमध्येच हवी असे नाही, उन्हापासून दूर आणि थंड जागी ती साधारण चार आठवडे चालते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मातीच्या मोठ्या कुंडीत ओली वाळू भरून त्यात छोटे मडके बसवावे आणि बंद प्लास्टिकच्या डबीत कुपी घालून मडक्यात ठेवावी. वाळू ओली ठेवावी, कुपीला पाणी लागू देऊ नये. न उघडलेल्या कुपीसाठी मात्र २ ते ८ अंश तापमान हवे, म्हणून एका वेळी एकच कुपी न्यावी.

पारसिक, आपल्या स्वयंसेवकांना आणखी एक गोष्ट अवश्य दाखवा. आपल्याकडची स्वस्त कुपी बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची असते. पेनच्या कार्ट्रिजमधील इन्सुलिन दर मिलिलिटरला १०० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. पेनच्या सुया वाचवण्यासाठी काही जण कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने इन्सुलिन ओढतात. २० च्या खुणेपर्यंत ओढले तर शरीरात ५० युनिट जातात, म्हणजे अडीच पट. उलट, ४० च्या कुपीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर जेमतेम ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही हे कुणालाच कळत नाही. पेनवरून कुपीवर येणाऱ्या प्रत्येकाला कुपी आणि सिरिंज एकत्रच विकत घ्यायला सांगा आणि पहिले इंजेक्शन आपल्यासमोर भरायला लावा.

पारसिक (धागाकर्ता)

दोन्ही सिरिंजचे नमुने आणि एक रिकामी कुपी पुढच्या रविवारी शिबिराच्या टेबलावर ठेवतो. सहज वाचता येईल अशा ठळक अक्षरांत औषधांची पाकिटे लिहून देण्यास ज्या सदस्यांना मदत करायची आहे, त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. सकाळ, दुपार आणि रात्र यांसाठी सूर्य, भाकरी आणि चंद्र अशी चित्रे काढायची आहेत, कारण औषध घरी नेणाऱ्या प्रत्येकाला अक्षरे वाचता येतातच असे नाही.